भाता पट्ट्यावर फिरवायचा की धुरावर?

कोळसा तोच, लोखंडाचा तुकडा तोच. पण भात्याला दोन-चार झटके दिले की निखारे लालाचे पिवळे होतात. आगीला जळणाहून हवा कितीतरी जास्त लागते, हे आपल्याकडच्या लोहाराला पुस्तक न वाचताही ठाऊक होते. कोल्हापूरच्या फौंड्रीतल्या कपोला भट्टीला ब्लोअर लागतो तो याचसाठी. आणि गंमत अशी की, स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली बसणाऱ्या सुपरचार्जरचा एक थेट पूर्वज हा भट्टीचा ब्लोअरच आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स आडनावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन पात्यांच्या ब्लोअरचे पेटंट घेतले. तो भट्ट्यांना हवा पुरवू लागला. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळाने तोच ब्लोअर रेसिंगच्या गाड्यांवर चढला आणि आजही त्या रचनेला 'रूट्स' याच नावाने ओळखतात.

कागलसारख्या गावात 'सुपरचार्जर बरा की टर्बो?' हा प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, आसपासच्या फौंड्र्यांतून वाहनउद्योगाला कास्टिंग जाते, आणि कोल्हापूरजवळच्या कार्टिंग ट्रॅकमुळे रेसिंगचे वेड घराघरांत शिरले आहे. पगार हातात येऊ लागलेला, यंत्रे कळणारा तरुण पहिली जोरकस गाडी घेतो किंवा जुन्या गाडीत जोर भरायचे मनात आणतो, तेव्हा कट्ट्यावर हा वाद हमखास होतो. आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम, असे वाटेल. काम आहे, कारण हा सगळा वाद श्वासाचा आहे. शिवाय त्याचा निकाल चुकला, तर हाडे मोडतात ती इंजिनाची नव्हे.

इंजिनाची छाती

आपण श्वास घेतो म्हणजे हवा आत ढकलत नाही. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा खाली सरकतो, छातीतली जागा वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा आपसूक आत येते. साध्या इंजिनातही हेच होते. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते, वातावरणाचा दाब हवेला आत लोटतो. माणसाला निवांत बसल्यावर मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते. १.२ लिटरचे लहान पेट्रोल इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी पूर्ण जोरात पळत असेल, तर तेवढ्याच वेळात ते तीन हजार लिटरहून अधिक हवा ओढते. म्हणजे चारशे माणसांचा श्वास एका बॉनेटखाली.

एवढी हवा कशाला? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत मांडले, तर एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. पेट्रोल जास्त सोडणे अगदी सोपे असते. अडते ते हवेपाशी. हवेविना सोडलेले जादा इंधन अर्धवट जळून काळा धूर होते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारे काही ट्रॅक्टर चढावर जो काळा लोट सोडतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. पंप वाढवलेला असतो, हवा मात्र तेवढीच.

त्यात हवेची घनता जागोजागी बदलते. कागल समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा मालवणच्या किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ती जवळजवळ तीस टक्के विरळ होते. तिथे गेलेला पर्यटक पहिल्या दिवशी जिना चढताना धापा टाकतो. त्याचे मूत्रपिंड रक्तातला प्राणवायू घटल्याचे ओळखते, एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशींची संख्या वाढते. इंजिनाला मूत्रपिंड नाही. त्याला बाहेरून मदत द्यावी लागते, आणि ही मदत पहिल्यांदा शोधली गेली ती मोटारींसाठी नव्हे, विमानांसाठी.

कोल्हापूरकरांना मेबॅक हे नाव नवे नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहायला गर्दी होते. याच मेबॅक कंपनीने पहिल्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांसाठी एक इंजिन बनवले होते. त्याची तोड अशी की, इंजिन मुळातच विरळ हवेच्या हिशेबाने जास्त दाब देणारे करायचे आणि जमिनीजवळ असेपर्यंत ते पूर्ण उघडायचे नाही. दुसरी तोड अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस यांची. त्यांनी १९१८ मध्ये एक विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेले, त्याला टर्बो जोडला आणि विरळ हवेत गेलेली ताकद परत मिळवून दाखवली.

ढकललेली हवा

सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर दोघेही एकच काम करतात. ओढलेल्या हवेऐवजी ढकललेली हवा देतात. रुग्णालयात ज्यांनी व्हेंटिलेटर किंवा झोपेत घोरणाऱ्यांसाठीचे सीपॅप यंत्र पाहिले आहे, त्यांना हा फरक लगेच उमजेल. आपला नैसर्गिक श्वास ऋण दाबाचा, यंत्राचा श्वास धन दाबाचा. धन दाबाने काम भागते, पण दाब प्रमाणाबाहेर गेला तर फुप्फुसाला इजा होते. इंजिनाचेही तसेच आहे. त्याची इजा पुढे येईल.

दोघांत फरक आहे तो भाता कोण ओढतो याचा. सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकवरून, पट्ट्याने किंवा गिअरने फिरतो. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर. एका बाजूला धुराने फिरणारे चाक, दुसऱ्या बाजूला हवा दाबणारे चाक, मध्ये बोटभर जाडीचा दांडा. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंधनातल्या उर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुरावाटे वाया जातो, हे त्यांना सलत होते.

सुपरचार्जरचा गुण एका वाक्यात सांगता येतो. पाय दाबला की जोर हजर. इंजिन जेवढे फिरेल तेवढा भाता फिरतो, मधे वाट पाहणे नाही. जोर सरळ रेषेत वाढत जातो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना चालकाला आपल्या पायाचा आणि चाकाचा संबंध नेमका कळतो. जुन्या मोठ्या इंजिनावर तो बसवणेही तुलनेने सोपे. धुराच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही, उष्णता आटोक्यात राहते.

दोष असा की हा भाता फुकट ओढला जात नाही. एक ढोबळ हिशेब करू. १.२ लिटरच्या इंजिनाला वातावरणाच्या दीडपट दाबाने हवा द्यायची, तर पूर्ण जोरात पाच-सहा अश्वशक्ती भात्यावरच खर्च होतात. ऐंशी-पंच्याऐंशी अश्वशक्तीच्या गाडीत हा आकडा लहान नाही. मिळकत त्याहून जास्त असते, म्हणून व्यवहार परवडतो. पण पेट्रोलचे बिल वाढते. ड्रॅग रेसिंगच्या सर्वांत वरच्या वर्गात तर नुसता सुपरचार्जर फिरवायला शेकडो अश्वशक्ती लागतात. दम्याच्या रुग्णाचे इथे स्मरण व्हावे. निरोगी माणसाला श्वास घेण्याच्या कष्टासाठी एकूण उर्जेतला अगदी थोडा वाटा लागतो. झटका आलेल्या रुग्णाची बरीचशी ताकद नुसत्या श्वासावरच जाते आणि चालायला काही उरत नाही.

या खर्चावरून बेंटली कंपनीत जो वाद झाला, तो मोटारींच्या इतिहासात गाजला. १९२९-३० मध्ये टिम बर्किन या रेसरने साडेचार लिटरच्या बेंटलीपुढे भलामोठा सुपरचार्जर लावून घेतला. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ते पसंत नव्हते. जोर हवा असेल तर इंजिन मोठे करा, असा त्यांचा कल होता. १९३० च्या ल मॉं शर्यतीत सुपरचार्जरवाल्या गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत आणि बेंटलीचीच साडेसहा लिटरची, साधा श्वास घेणारी गाडी जिंकली. तरी आज पोस्टरवर दिसते ती हरलेली 'ब्लोअर' बेंटलीच. गाडीच्या बाबतीत माणसे हिशेबाने प्रेमात पडत नाहीत, एवढे यातून दिसते.

उशिरा येणारा जोर

टर्बो कागदावर अधिक शहाणा दिसतो. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेतो. अर्थात अगदी फुकट तोही नाही. धुराच्या वाटेत चाक आडवे आले की इंजिनाला उच्छ्वास जोराने करावा लागतो. पण एकूण जमाखर्च टर्बोच्या बाजूचा. त्यामुळेच आज आपल्या रस्त्यावरच्या एक लिटर, १.२ लिटरच्या कितीतरी पेट्रोल गाड्यांत कारखान्यातूनच टर्बो येतो, आणि नवी डिझेल गाडी टर्बोविना जवळजवळ मिळतच नाही.

त्याची खोड म्हणजे उशीर. मेकॅनिक त्याला 'टर्बो लॅग' म्हणतात. पाय दाबला, इंधन वाढले, धूर वाढला, धुराने चाकाला वेग दिला, मग हवेचा दाब चढला. या साखळीला वेळ लागतो. लहान कारचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. खालच्या वेगातून तिथवर पोचायला क्षण-दोन क्षण जाणारच.

माणसाच्या शरीरालाही हा लॅग असतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. आपण एकदम धावू लागतो तेव्हा स्नायूंची प्राणवायूची मागणी पहिल्या सेकंदालाच वाढते, पण हृदय आणि फुप्फुसे ती पुरी करायला दोन-तीन मिनिटे घेतात. मधली तूट शरीर साठवणीतून भागवते. पंचगंगेच्या घाटावर पहाटे पळायला जाणाऱ्यांना पहिल्या पाचशे मीटरला जो दम लागतो आणि पुढे जो 'लागलेला दम सुटतो', त्याचे एक कारण हेच. वॉर्मअप करायचा तो याचसाठी. गाडीचा अनुभवी चालकही वळणाच्या आधीच गिअर उतरवून टर्बोला 'वॉर्मअप' देतो.

हा उशीर सगळ्यात स्पष्ट दिसतो तो रुग्णालयाच्या मागच्या अंगणात. वीज गेली की डिझेल जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो. मोठ्या जनरेटरची इंजिने टर्बोवाली असतात. सुरू झाल्या झाल्या त्याच्यावर लिफ्ट, एसी, निर्जंतुकीकरणाची यंत्रे असा सगळा भार एकदम टाकला, तर टर्बो अजून वेगात आलेला नसतो. इंजिन दबते, काळा धूर सोडते, विजेची वारंवारिता घसरते. म्हणून भार टप्प्याटप्प्याने चढवायचा असतो, आणि अतिदक्षता विभागातली यंत्रे मधल्या काळात बॅटरीवर चालतात. ज्याला टर्बो समजून घ्यायचा आहे, त्याने रेसिंगचे व्हिडिओ पाहण्याऐवजी एकदा मोठा जनरेटर भार घेताना ऐकावा. सुरुवातीचा गुदमर आणि नंतरची शिट्टी दोन्ही नीट कळतात.

पोर्शने १९७४ मध्ये आणलेली ९११ टर्बो या उशिरामुळेच बदनाम झाली. तिचे इंजिन मागे, टर्बो मोठा. वळणात चालकाने पाय दाबला की काहीच होत नसे; तो आणखी दाबे; आणि मग सगळा जोर एकदम, नेमका वळणाच्या मध्यावर, मागच्या चाकांवर कोसळे. तिला 'विधवा करणारी' असे टोपणनाव पडले. आजचे टर्बो लहान आणि हलके आहेत, संगणक इंधन मोजून देतो, त्यामुळे कारखान्यातून आलेल्या गाडीत हा धोका बराच आवरलेला असतो. गॅरेजमध्ये मोठा टर्बो बसवून घेतला की मात्र तो परत येतो. पावसाळ्यात कागलहून आजऱ्यामार्गे आंबोली उतरणाऱ्याने, किंवा राधानगरीवरून फोंडा घाट घेणाऱ्याने, ओल्या वळणावर एका सेकंदाच्या उशिराने येणाऱ्या जोराचा विचार आधी करावा.

दोन्ही एकत्र लावण्याचे प्रयोगही झाले. लँचियाने १९८५ मध्ये रॅलीच्या डेल्टा एस-४ या गाडीत, आणि फोक्सवॅगनने २००५ मध्ये गोल्फच्या १.४ लिटर इंजिनात, खालच्या वेगाला सुपरचार्जर आणि वरच्या वेगाला टर्बो अशी विभागणी केली. चालले उत्तम, पण भाग दुप्पट आणि बिघाडाच्या जागाही दुप्पट.

दाबाचा ताप

सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. तीस अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबली, तर साधारण ७० टक्के कार्यक्षम यंत्रातून ती ८० अंशांच्या पुढे जाऊन बाहेर पडते. आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणजे दाब पन्नास टक्के वाढवला, तरी सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष हवा वाढते ती सत्तावीस-अठ्ठावीस टक्केच. उरलेले तापात गेले. ही हवा इंटरकूलरमधून फिरवून पन्नास अंशांखाली आणली, तर वाढ चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचते. कट्ट्यावरच्या चर्चेत दाब किती 'बार' याचे आकडे फेकले जातात. इंटरकूलर केवढा आणि त्याला वारा कुठून मिळतो, हे सहसा कोणी विचारत नाही. कोल्हापूर भागातल्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र तोच प्रश्न पहिला असायला हवा.

तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाची दुसरी भीती म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याची वाट न पाहता ते आपोआप पेटणे. त्याला आपले मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो. थोडा वेळ चालले तर काही नाही. जोरात चालत राहिले तर पिस्टनला भोक पडते. धन दाबाची इजा ती हीच. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने टर्बोवाली जेटफायर गाडी आणली, तेव्हा नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत आणि गाडीचा जोर उतरे. ही गाडी फार काळ चालली नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

इथे ऊस कामाला येतो. कागल तालुका साखर कारखान्यांचा, आणि उसाच्या मळीपासून व रसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलला नॉकिंग सहन होते, आणि वाफ होताना ते आजूबाजूची बरीच उष्णता शोषते; त्यामुळे दाब दिलेल्या इंजिनाला ते तत्त्वतः मानवते. पण लिटरमागे त्याची उर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी असते. जोर मिळेल, मायलेज उतरेल. शिवाय ज्या जुन्या गाडीच्या नळ्या आणि सील इथेनॉलच्या हिशेबाने बनवलेले नाहीत, तिला टर्बो लावून वर हे पेट्रोल पाजणे म्हणजे अशक्त रुग्णाला दोन नवी औषधे एकाच दिवशी सुरू करण्यासारखे आहे. काही बिघडले तर कशाने, हे कळत नाही.

मग घ्यायचे काय?

रोज कागल-कोल्हापूर ये-जा, महिन्यातून एकदा पुणे किंवा गोवा, अशी ज्याची धाव आहे, त्याने कारखान्यातून टर्बो बसवून आलेली गाडी घ्यावी. तिच्या पिस्टनपासून ब्रेकपर्यंत सगळे त्या जोराच्या हिशेबाने ठरवलेले असते. मोठ्या इंजिनाची जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या आणि ती फक्त ट्रॅकवर पळवणाऱ्याला सुपरचार्जर जास्त समाधान देईल. पायाला लगेच उत्तर मिळण्यातली मजा टर्बोत तेवढी नाही. ज्याला रेसिंग शिकायचे आहे त्याने दोन्ही विसरून कार्टवर बसावे. कार्टच्या लहान इंजिनाला टर्बो नसतो, सुपरचार्जर नसतो, आणि वेग वळणात राखावा लागतो. ती विद्या इंजिनातून विकत मिळत नाही.

बाहेरून किट आणून सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत बसवण्याचा विचार मात्र सोडावा. यात कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर दावा अडकतो तो वेगळाच. रुग्णालयाचे बिल समोर असताना ही गोष्ट कळणे फार वाईट.

कायद्याहून कठोर आहे ते गणित. गाडीची गतिज उर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० चा वेग १२० झाला की वेग दीडपट, पण आदळताना शरीरात शिरणारी उर्जा सव्वादोनपट. ताशी १०० किमीने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. समोर गुरे दिसली, मेंदूला उमजले, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद गेला तर ४२ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी ५५ मीटर. ताशी १२० ला हीच बेरीज १३० मीटरच्या घरात जाते. टर्बो लावल्याने इंजिनाचा प्रतिसाद सुधारतो, माणसाचा नाही. डोळा, मेंदू आणि पाय यांच्यामधली चेता जशी होती तशीच राहते. रात्रीच्या जेवणानंतर, जागरणाने किंवा दारूने ती आणखी मंदावते. आणि पट्टा सोडलेल्या माणसाची यकृत, प्लीहा, महाधमनी ही नाजूक आतडी-अवयवांची मांडणी वेग थांबला तरी क्षणभर पुढेच जात राहते. बाहेर खरचटलेलेही नसते आणि आत पोट रक्ताने भरत असते. जोर वाढवायला दीड-दोन लाख मोजण्याची तयारी असेल, तर त्यातले पहिले पैसे टायर आणि ब्रेकवर घालावेत.

धुराचाही विचार हवा. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. नीट जुळवलेला टर्बो हवा जास्त देऊन काजळी कमी करतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांत पुढे काजळी पकडणारी गाळणीही असते. ही गाळणी काढून टाकून 'पिकअप' वाढवून देणारी गॅरेजे आहेत. त्या गाडीमागे दुचाकीवर शाळेतून घरी निघालेल्या मुलाच्या फुप्फुसाला तो पिकअप मोजावा लागतो.

आता ज्यांच्याकडे टर्बो गाडी आधीच आहे त्यांच्यासाठी थोडे. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल जुने किंवा कमी झाले की पहिला बळी त्याचा. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल सांगितलेल्या अंतरालाच बदलावे. सकाळी सुरू केल्याबरोबर गाडी खेचू नये, तेल वरपर्यंत पोचू द्यावे. निळसर धूर आणि तेलाची पातळी उतरणे ही टर्बोचे सील गेल्याची खूण असू शकते. ती दिसली तर लांबचा प्रवास टाळावा. घाट चढून किंवा महामार्गावर जोरात पळवून आल्यावर इंजिन लगेच बंद केले, तर पेट्रोल गाडीत नऊशे अंशांच्या आसपास तापलेल्या चाकाशेजारी तेल थबकते आणि करपते. अर्धा ते एक मिनिट इंजिन सावकाश चालू ठेवून मग बंद करावे. मात्र हे मिनिट शटर लावलेल्या गॅरेजमध्ये काढू नये. पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून अधिक ओढीने चिकटतो, त्याला वास नसतो, आणि डोके जड झाल्याचे कळेपर्यंत पायांतले त्राण गेलेले असते. गाडी अंगणात उभी करावी, इंजिन बंद करावे, आणि मगच ती आत ढकलावी.